घराची भूमिगत मलवाहिनी आणि तिची दुरुस्ती

घरातील सांडपाणी बाहेर नेणारा नळ जमिनीखाली असतो. तो नीट चालतो तोवर घरातील कोणालाही त्याची आठवण होत नाही, आणि एके दिवशी नहाणीतून पाणी उलटे वर आले की घरातील प्रत्येकाला त्याच्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. अशा घाईत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. जो कारागीर प्रथम भेटेल तो आपल्याला जी पद्धत अवगत असेल तीच सुचवितो. कोणी म्हणतो, सर्व अंगण खणून नवे नळ टाका. कोणी म्हणतो, खणायचे कारण नाही, आतून अस्तर लावून देतो. दोघांचेही म्हणणे कोठेतरी बरोबर असते. परंतु या विशिष्ट वाहिनीला नेमके काय झाले आहे, हे कळल्यावाचून त्या दोहोंत निवड करता येत नाही. उपायाआधी निदान हा वैद्यकातील क्रम येथेही तसाच लागू आहे.

नव्या दिल्लीतील कोपर्निकस मार्ग हे या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे ठिकाण आहे. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसाला अपरिचित नाही, कारण जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. ब्रिटिश काळात याचे नाव लिटन रोड होते. १९३१ साली उद्घाटन झालेल्या नव्या राजधानीतील या भागात ऐसपैस आवारांची घरे, संस्थानिकांच्या हवेल्या आणि रस्त्याच्या दुतर्फा मोठे वृक्ष अशी रचना करण्यात आली. पैकी फरीदकोट हाउस या हवेलीत आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. जुने बांधकाम, मोठे आवार आणि मोठे झाड या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे जमिनीखालच्या मलवाहिनीचे दुखणे आज ना उद्या उद्भवतेच. मुंबईच्या जुन्या चाळीत मलवाहक नळ हाउस गल्लीत भिंतीला धरून उघडे दिसतात आणि गळती डोळ्यांना कळते. दिल्लीच्या आवारात तेच नळ हिरवळीखाली आणि मुळांच्या जाळ्याखाली दडलेले असतात.

साठ सेंटिमीटरांचा नळ

जुन्या भारतीय बांधकामात घराबाहेरील मलवाहिनीसाठी खापरासारख्या भाजलेल्या, चकचकीत झिलई दिलेल्या मातीचे नळ सर्रास वापरीत. कारागिरांच्या बोलण्यात त्यांना स्टोनवेअरचे पाइप म्हणतात. हा पदार्थ म्हणून उत्तम आहे. आम्ल किंवा क्षार यांचा त्यावर परिणाम होत नाही. सिमेंटचे नळ मलवायूपासून तयार होणाऱ्या गंधकाम्लाने वरच्या बाजूने झिजत जातात, तसे याचे होत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा स्टोनवेअरचा तुकडा उकरून काढला, तरी तो पुष्कळदा नव्यासारखा निघतो. मग वाहिनी बिघडते ती कशाने?

याचे उत्तर नळाच्या लांबीत आहे. हा नळ सामान्यतः ६० सेंटिमीटर लांब असतो. घरापासून रस्त्यावरच्या मॅनहोलपर्यंत २४ मीटर अंतर असेल, तर तेवढ्यासाठी ४० नळ लागतात आणि जवळजवळ तितकेच सांधे पडतात. प्रत्येक सांधा डांबर लावलेल्या सुतळीने व सिमेंटने हाताने भरलेला असतो. सिमेंट ताठर असते. जमीन किंचित खचली किंवा फुगली, की नळ वाकू शकत नाही, सांधा चिरतो. केसाएवढी फट झाली, की तीतून ओलावा बाहेर झिरपतो. आणि उन्हाळ्यात तहानलेल्या झाडाचे मूळ त्या ओलाव्याच्या मागाने सांध्यापाशी येऊन पोहोचते. तंतूएवढे मूळ आत शिरते, आत पाणी आणि खत दोन्ही भरपूर असल्यामुळे वाढते, त्याचा झुबका होतो, आणि पुढे तेच मूळ जाड होऊन पाचरीसारखे सांधा उकलते. मुळांना दोष देणारे लोक हा क्रम विसरतात. धडधाकट, घट्ट सांध्यात मूळ सहसा शिरत नाही. गळती अगोदर असते, मूळ मागाहून येते. म्हणून झाड तोडल्याने वाहिनी सुधारत नाही. शिवाय दिल्लीत १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिलेला आहे. बुंध्यालगत चर खणून मुख्य मुळे छाटली, तर पुढच्या वादळात झाड घरावर येण्याचा संभव असतो, हे तर कायदा नसता तरी ध्यानात घ्यावे लागले असते.

गळतीचा दुसरा परिणाम अधिक गुप्त असतो. दिल्लीची जमीन यमुनेच्या गाळाची आहे. अशी बारीक माती पावसाळ्यात भूजलाबरोबर फटीतून नळात वाहून येते आणि नळाबाहेर पोकळी पडते. पोकळीवरचा नळ खचतो, फट वाढते, आणखी माती येते. महाराष्ट्रात काळ्या जमिनीत प्रकार वेगळा, परिणाम तोच. पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती नळाला दरवर्षी वरखाली हलविते. मुरूम किंवा जांभा दगड असलेल्या जमिनीत ही हालचाल कमी असते.

उतार: ज्याची दुरुस्ती आतून होत नाही

मलवाहिनीत पाणी दाबाने ढकलले जात नाही. ते उताराने वाहते. वेग फार कमी झाला, तर पाणी पुढे निघून जाते आणि मैला मागे राहतो. वाहिनी स्वतःची सफाई स्वतः करीत राहावी, यासाठी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग आवश्यक धरतात. जुन्या इंजिनिअरांनी हे एका सोप्या नियमात बसविले होते, त्यास मॅग्वायरचा नियम म्हणतात: नळाचा व्यास जितके इंच, त्याच्या दसपट लांबीत एक एकक उतार. चार इंची नळाला ४० स एक, सहा इंचीला ६० स एक, नऊ इंचीला ९० स एक. घरगुती वाहिनी बहुधा चार किंवा सहा इंची, म्हणजे सुमारे १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाची असते.

आता हाच नियम त्या साठ सेंटिमीटरांच्या नळाला लावून पाहावा. सहा इंची वाहिनीत ६० स एक उतार म्हणजे प्रत्येक नळाच्या लांबीत अवघा एक सेंटिमीटर उतार. याचा अर्थ असा की, एखादा सांधा त्याच्या पुढच्या सांध्यापेक्षा एका सेंटिमीटरहून अधिक खचला, तर तेवढ्या लांबीत उतार उलटा होतो! तेथे पाणी साचून राहते, तळाशी गाळ बसतो, त्यावर साबणाचा व तुपातेलाचा थर धरतो. वरून सफाई करणारा माणूस दर दोन महिन्यांनी येतो, वाहिनी मोकळी करून जातो, आणि पुन्हा दोन महिन्यांनी त्यालाच बोलवावे लागते. वारंवार एकाच जागी तुंबणारी वाहिनी ही पुष्कळ वेळा घाणेरड्या सवयींची नसून हरवलेल्या उताराची तक्रार असते.

दुरुस्तीच्या पद्धतींत निवड करताना हा मुद्दा सर्वांत निर्णायक ठरतो. आतून लावलेले कोणतेही अस्तर जुन्या नळाचाच आकार घेते. नळ जेथे खाली बसला आहे तेथे अस्तरही खाली बसते, आणि नवा, गुळगुळीत, महागडा नळ जुन्याच जागी पाणी साठवू लागतो. फटी, मुळे, उघडे सांधे यांवर अस्तर हा उपाय आहे. उतार गेला असेल, तर जमीन उघडून नळ पुन्हा बसविण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही.

दोष कोठे आहे हे कसे कळते

पहिली पायरी फुकटची आहे आणि ती घरमालकास स्वतः करता येते. एकच शौचकूप तुंबला आणि बाकी सर्व ठीक असेल, तर दोष त्याच्या शाखेत आहे. वरच्या मजल्यावर पाणी सोडले असता तळमजल्याच्या नहाणीत ते उसळत असेल, तर दोष मुख्य वाहिनीत आहे. त्यानंतर तपासणीच्या कुंड्या, म्हणजे चेंबर, यांची झाकणे उघडून बाहेरूनच पाहावे. एक चेंबर भरलेले आणि त्याच्या पुढचे कोरडे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. शेवटचे चेंबरही भरलेले असेल, तर दोष रस्त्यावरच्या सार्वजनिक गटारात असू शकतो, आणि मग स्वतःचे अंगण खणण्यापूर्वी नगरपालिकेकडे जावे. सामान्यतः घरापासून सार्वजनिक मॅनहोलपर्यंतची जोडवाहिनी ही मालकाची जबाबदारी मानतात. मात्र रस्त्याखाली खोदाई करावयाची तर परवानगी लागते. तुंबणे केवळ पावसाळ्यातच होत असेल, तर गच्चीचे किंवा अंगणाचे पाणी मलवाहिनीत शिरत आहे काय, हे प्रथम शोधावे. तेथे नळ बदलून काहीच साधत नाही.

झाकण उघडताना विडी, काडी, दिवा जवळ नसावा, कारण आत पेट घेणारा मिथेन वायू असू शकतो. आणि कोणत्याही कारणाने कोणीही आत उतरू नये. याविषयी पुढे अधिक सांगितले आहे.

वाहिनी सरळ आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी, सुबक रीत आहे. दोन चेंबरांमधील एका टोकाशी दिवा किंवा विजेची बत्ती व दुसऱ्या टोकाशी आरसा धरतात. वाहिनी सरळ व मोकळी असेल, तर आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. वर्तुळाचा खालचा भाग कापला गेला, तर तेथे गाळ किंवा साचलेले पाणी आहे. वर्तुळ अंड्यासारखे दिसले, तर नळ हलला आहे. दुसरी रीत चेंडूची. नळाच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाकडून सोडला असता तो अडखळल्याशिवाय खालच्या टोकाशी यावा. पाण्याच्या चाचणीत खालचे टोक बुचाने बंद करून वाहिनी भरतात व पातळी उतरते काय ते पाहतात. नव्या स्टोनवेअरच्या वाहिनीस दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब देतात. जुन्या वाहिनीवर तेवढा दाब देणे म्हणजे उरलेसुरले सांधेही उकलणे होय.

आज याहून चांगले साधन उपलब्ध आहे. लवचिक दांड्याच्या टोकावरील लहान कॅमेरा नळातून फिरवून पडद्यावर आतील चित्र पाहता येते, आणि किती मीटरवर काय आहे ते नोंदविता येते. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. वाहिनी अगोदर पाण्याच्या झोताने धुतलेली असावी, नाहीतर चित्रात केवळ चिखल दिसतो. आणि चित्रीकरण मालकाने स्वतः पाहावे व त्याची प्रत मागून घ्यावी. अस्तर विकणाऱ्याने केलेले चित्रीकरण अस्तराकडे बोट दाखविते आणि खोदाई करणाऱ्याने केलेले फावड्याकडे, हा मनुष्यस्वभाव आहे. तपासणी एकाकडून आणि काम दुसऱ्याकडून, हे शक्य तेथे बरे. कॅमेऱ्याला एक गोष्ट नीट दिसत नाही, ती म्हणजे उतार. तो दोन्ही चेंबरांतील नळाच्या तळाची खोली पाणपातळीच्या नळीने मोजून ठरवावा लागतो. मधला खड्डा मात्र साचलेल्या पाण्यावरून कॅमेऱ्यातही ओळखता येतो.

पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

केवळ सफाईने भागेल काय, हा पहिला प्रश्न. कपड्याचा बोळा, नारळाची शेंडी किंवा तुपाचा गोळा अडकला असेल, तर कामट्या, स्प्रिंग किंवा पाण्याचा झोत पुरे. मुळे असतील, तर ती कापून काही महिन्यांची सवड मिळते, एवढेच. मोरचूद ओतून मुळे मारण्याची सूचना कोणी कोणी करतात. ती मानू नये. तांबे जलचरांस घातक असते आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंसही. आम्ल ओतणे तर त्याहून वाईट, कारण पुढे त्याच चेंबरवर कोणीतरी काम करावयाचे असते.

एकाच ठिकाणी नळ फुटला असेल आणि ती जागा उथळ व मोकळी असेल, तर तेवढेच खणून दोन-चार नळ बदलणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत प्रामाणिक उपाय होय. त्यात दिखाऊ असे काही नाही, म्हणून तो मागे पडतो. येथे अडचण एवढीच की, नव्या पीव्हीसीच्या नळाचा बाहेरचा व्यास जुन्या स्टोनवेअरशी जुळत नाही. त्यासाठी योग्य मापाचा जोड वापरावा. नुसते सिमेंट थापून केलेला जोड गुळगुळीत प्लॅस्टिकला धरत नाही व वर्षभरात सुटतो.

सर्व वाहिनी नव्याने घालणे केव्हा योग्य? उतार ठिकठिकाणी गेला असेल, नळ अनेक जागी ढासळले असतील किंवा मूळ मांडणीच चुकीची असेल तेव्हा. भूमिगत मलवाहिनीसाठी पीव्हीसीच्या नळांचे वेगळे भारतीय मानक आहे, आयएस १५३२८. पावसाच्या पाण्याचे हलके नळ येथे चालत नाहीत. हे नळ सहा मीटर लांबीचे घेतले, तर २४ मीटरांत ४० ऐवजी चारच तुकडे लागतात, आणि सांध्यांतील रबरी कडे जमिनीच्या लहानसहान हालचालीबरोबर लवते. परंतु त्याखाली दगडगोटे काढून वाळूची वा बारीक खडीची बैठक घातली पाहिजे. विटेचे तुकडे टेकून त्यावर ठेवलेला प्लॅस्टिकचा नळ दोन टेकूंच्या मध्ये झोळीसारखा वाकतो आणि नव्या वाहिनीला जुनाच रोग जडतो. चर दीड मीटरहून खोल जात असेल, तर बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा; यमुनेच्या गाळाची भिंत पूर्वसूचना न देता कोसळते.

जुन्या नळातून त्याहून लहान नवा नळ सरकविणे ही साधी युक्ती आहे, पण तिची किंमत व्यासात मोजावी लागते. १५० मिलिमीटरच्या नळात ११० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा नळ घातला, तर आतली जागा १०३ मिलिमीटरांच्या आसपास उरते. वहनक्षमता व्यासाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने घटते. नव्या नळाचा गुळगुळीतपणा हिशेबात धरूनही ती मूळच्या सुमारे निम्म्यावर येते. एका कुटुंबाला ती पुरेलही. त्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, तर पुरणार नाही.

जागेवरच घट्ट होणाऱ्या अस्तराची पद्धत इंग्लंडमधील एरिक वुड यांनी १९७१ साली लंडनच्या एका जुन्या गटारात प्रथम वापरली. नमद्याची किंवा काचतंतूंची लांब पिशवी राळेत भिजवितात. पाण्याच्या अगर हवेच्या दाबाने, मोजा उलटा करावा तशी, ती नळात उलगडत नेतात. आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश यांनी राळ कठीण करतात. जुन्या नळाच्या आत सांधा नसलेला नवा नळ तयार होतो. दिल्लीतही गेल्या काही दशकांत विटांच्या जुन्या मोठ्या गटारांना अशी अस्तरे लावण्यात आली आहेत. रहदारीच्या रस्त्याखालचे गटार उकरण्यापेक्षा ते निश्चितच शहाणपणाचे होते. घरगुती वाहिनीस अस्तराने व्यास कमी होईल, ही भीती मात्र अनेकांना वाटते. १०० मिलिमीटरच्या नळात ३ मिलिमीटर जाडीचे अस्तर दिले, तर व्यास ९४ मिलिमीटर होतो व आतील क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के घटते. परंतु जुन्या खडबडीत पृष्ठभागाऐवजी गुळगुळीत पृष्ठभाग मिळाल्यामुळे पाणी वेगाने जाते, आणि एकंदर वहनक्षमता होती तेवढीच किंवा थोडी अधिकच राहते. भीती बाळगावयाची ती अन्यत्र. शाखावाहिन्यांची तोंडे अस्तराने झाकली जातात, ती आतून यंत्राने पुन्हा कापून उघडावी लागतात. एखादे तोंड विसरले, तर त्या शाखेवरचे स्नानघर दुसऱ्या दिवशीच भरते. राळेची उग्र वाफ घरात येऊ नये म्हणून सर्व ट्रॅपमध्ये पाणी भरून ठेवावे. यंत्रसामग्री आणण्याचा खर्च तीन मीटरांसाठी आणि तीस मीटरांसाठी जवळजवळ सारखाच असतो. म्हणून लहान दोषाला अस्तर परवडत नाही.

शेवटची पद्धत दांडगाईची आहे. शंकूच्या आकाराचे लोखंडी डोके जुन्या नळातून ओढीत नेतात; त्याने नळ फुटून तुकडे बाजूच्या मातीत दाबले जातात आणि डोक्यामागून नवा अखंड नळ येतो. नळ ठिसूळ असावा लागतो, म्हणून स्टोनवेअरला ती सोयीची. मूळचाच किंवा थोडा मोठा व्यास मिळतो, हा तिचा विशेष लाभ. पण दबलेली माती शेजारच्या वस्तूंना ढकलते. पिण्याच्या पाण्याची नळी, विजेची केबल किंवा भिंतीचा पाया हातभर अंतरावर असेल, तर ही पद्धत टाळावी. उताराचे मोठे दोष हिनेही दूर होत नाहीत.

या सर्वांचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. कोपर्निकस मार्गाच्या परिसरात असावे तसे एक घर आहे; १५० मिलिमीटर व्यासाची, २४ मीटर लांबीची स्टोनवेअरची वाहिनी आहे; वाटेत एक जुना कडुनिंब आहे. मोजमापात दोन टोकांच्या तळांत ४० सेंटिमीटरांचा फरक निघतो, म्हणजे एकंदर उतार ६० स एक असा बरोबर आहे. कॅमेऱ्यात कडुनिंबाखाली तीन सांध्यांतून मुळे शिरलेली दिसतात, आणि पुढे १७ मीटरवर, हिरवळीखाली, दीड मीटर लांबीत पाणी साचलेले दिसते. सर्व वाहिनी उकरली, तर कडुनिंबाची मुळे तुटतील. सर्वत्र अस्तर दिले, तर १७ मीटरवरचा खड्डा कायम राहील. येथे हिरवळीखालचे दोन-तीन मीटर खणून नळ योग्य उताराने बसवावेत, आणि त्यानंतर मुळे कापून संपूर्ण लांबीस एकच अस्तर द्यावे. पद्धतींची अशी जोड ही कमकुवत तडजोड नव्हे. दोन वेगळ्या दोषांना दोन वेगळे उपाय आहेत.

उशीर का करू नये

गळती दिसत नाही म्हणून ती पुढे ढकलण्याची प्रवृत्ती असते. तिचा धोका दुर्गंधीपेक्षा फार मोठा आहे. दिल्लीने तो १९५५ च्या अखेरीस अनुभवला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबाद येथे यमुनेतून पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. तुरटी व क्लोरीन यांची प्रक्रिया चालू होती, तरीही डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये शहरात काविळीची साथ पसरली आणि सुमारे २९,३०० जणांना दृश्य कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत रोग विशेष तीव्र ठरला. तो कोणत्या विषाणूचा, हे तेव्हा कळले नाही. १९८० साली, पुण्याच्या विषाणू संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात, जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले गेले आणि तोवर माहीत असलेले विषाणू त्याचे कारण नसल्याचे दिसून आले. आज तो हेपॅटायटिस ई या नावाने ओळखला जातो.

ती घटना नाल्याची व नदीची होती. परंतु घराच्या आवारात तोच प्रकार लहान प्रमाणावर घडू शकतो. आपल्या शहरांत पाणी दिवसाचे काही तासच येते. पुरवठा बंद झाला की नळीतील दाब उतरतो, आणि गळक्या जलवाहिनीभोवती मलवाहिनीचे पाझर असतील, तर ते आत ओढले जातात. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी भरली जाते ती त्याच पाण्याने. म्हणून दोन्ही वाहिन्या शक्यतो तीन मीटर दूर ठेवाव्यात, ते न जमल्यास जलवाहिनी मलवाहिनीच्या किमान अर्धा मीटर वर असावी, असा दंडक आहे. जुन्या आवारांत तो क्वचितच पाळलेला आढळतो. मलवाहिनी दुरुस्त करताना चर उघडलाच असेल, तर पाण्याची नळी कोठून जाते, हेही पाहून घ्यावे, आणि ती हलविण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा.

दुसरी गोष्ट माणसाच्या प्राणांची आहे. चेंबर तुंबले की कोणातरी गरजू माणसास थोडे पैसे देऊन आत उतरविणे, हा आपल्या शहरांतील जुना व लज्जास्पद उपाय. मलवायूतील हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणातही येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घाणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून उतरणारा वर येत नाही, आणि त्याला काढावयास उतरणारा दुसराही. २०१३ च्या कायद्याने गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईस माणूस लावण्यास मनाई केली आहे, आणि ही मनाई नगरपालिकेइतकीच खाजगी घरमालकासही आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितलेली आहे. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. अंदाजपत्रक मागताना सफाई कोणत्या यंत्राने होणार, हे लेखी मागावे. ज्या कंत्राटात त्याचे उत्तर नाही, ते कितीही स्वस्त असले तरी बाजूस ठेवावे.

काम पुरे झाल्यावर पाण्याची व आरशाची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि चर भरण्यापूर्वी घ्यावी. एकदा हिरवळ लावल्यावर तक्रार ऐकणारा कोणी उरत नाही. माती वीतभर थरांनी ठोकून भरावी. दुरुस्त केलेल्या वाहिनीचा एक साधा नकाशा, घराच्या कोपऱ्यापासून मोजलेल्या अंतरांसह, काढून ठेवावा: चेंबर कोठे, वळण कोठे, तळ किती खोल, अस्तर कोठून कोठवर, पाण्याची नळी कोठे आडवी जाते. तो विजेच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटविला, तर घर विकले गेले तरी घराबरोबर राहतो. पहिल्या पावसाळ्यानंतर भरलेला चर थोडा बसतो. बोटभर बसला, तर वर माती टाकणे पुरे. पायरीएवढा बसला, तर खालच्या वाहिनीतून कॅमेरा एकदा पुन्हा फिरवून पाहावा.